गोदाबाईने जव पाखडले

गोदाबाईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. चारला ती उठायची असं नव्हे. चारला ती मार्केट यार्डात गाळ्यासमोर सूप घेऊन उभी असायची. उठायची त्याआधी कधीतरी. नागोरावला विचारलं तर तो म्हणायचा, "मी झोपलेला असतो. झोपलेल्याला काय विचारता?"

नागोराव तिचा नवरा. मूळचा पुसदकडचा. मी यार्डात हमाल होतो, आमच्या टोळीत तो बदली हमाल होता. कायमचा माणूस आला नाही की बदलीने त्याची पोती उचलायची, तो आला की कडेला बसायचं. माथाडीच्या यादीत नागोरावचं नाव कधी लागलं नाही. पोतं मात्र तेवढंच जड.

एका सकाळी तांदळाच्या ट्रकवरून उतरताना फळी हलली आणि नागोराव पोत्यासकट खाली आला. पोतं त्याच्यावर पडलं असतं तर तो गेला असता. तो पोत्यावर पडला, म्हणून वाचला, असं सगळे म्हणाले. कमरेतला मणका सरकला. पुढे डाव्या पायाला मुंग्या येऊ लागल्या, मग तो बधिर होऊ लागला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: ऑपरेशन करून घ्या, पाय वाचेल. थांबलात तर दोन्ही जातील.

खाजगीत ऑपरेशन करायचं तर विकायला काहीतरी हवं. खोली भाड्याची होती. सरकारी योजना होती, पण रेशनकार्डावरचं नाव पुसदला भावाच्या कुटुंबात अडकलेलं. भाऊ ते काढून देईना. एकदा कागदाला हात लावला की हा शेताचा वाटाही मागेल, अशी त्याला भीती. त्यामुळे नागोराव खोलीत भिंतीला टेकून बसला आणि घर गोदाबाईच्या सुपावर चालू लागलं.

सूप कसं चालतं हे सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. धान्य पाखडणं म्हणजे सूप हलवणं नव्हे. ते कोणालाही येतं. मनगट खाली जातं आणि झटक्यात थांबतं. दाणा मागे येतो, फोल पुढे उडतं. खडा तळाशी राहतो, तो बोटाने काढायचा. नवीन बाई पाखडते तेव्हा तिच्या पुढ्यात फोलांबरोबर दाणेही पडतात. गोदाबाईच्या पुढ्यात दाणा पडलेला मी पाहिला नाही. हिंदुरावशेठच्या गाळ्यावर तिने निवडलेला गहू वेगळ्या भावाने जायचा. तो भाव हिंदुरावशेठचा. तिला पोत्यामागे जे मिळायचं तेच मिळायचं. तरी ती एक फोल राहू द्यायची नाही. "लोकं खातात बाप्पा ते," म्हणायची.

मग हिंदुरावशेठनी धान्य साफ करायचं यंत्र आणलं. बायका दुसऱ्या दिवशी नेहमीसारख्या आल्या. शेठ म्हणाले, "यंत्राला चहा लागत नाही." एवढंच म्हणाले. त्यातून काय ते ज्याचं त्याने समजून घ्यायचं होतं. बायका समजल्या आणि घरी गेल्या.

त्याच गाळ्यावर योगेश नावाचा एक माणूस गहू घ्यायला यायचा. कर्वेनगरचा. आधी कॉम्प्युटरच्या नोकरीत होता. फ्लॅटच्या बाल्कनीत, सहलीला नेतात त्या थंड पाण्याच्या डब्यात तो बिअर बनवायचे प्रयोग करायचा. बायकोने एक दिवस डबा जिन्यात ठेवला आणि म्हणाली, एक तर हा आत येईल नाहीतर तू. तेव्हा त्याने हिंजवडीत पृथ्वीराज नावाच्या जमीनवाल्याबरोबर भागीदारी केली, लायसन्स काढलं आणि बिअरची छोटी भट्टी टाकली. खाली टाक्या, वर काचेआड बसून पिणारे. हे त्याने स्वतःच सांगितलं. बोलका माणूस होता.

त्याला धान्याची समज असलेलं माणूस हवं होतं. हिंदुरावशेठनी गोदाबाईचं नाव सांगितलं. काढून टाकलेल्या माणसाची शिफारस करायला पैसे पडत नाहीत.

योगेश तिला म्हणाला, "काकू, सहा महिने रोजावर बघू. मग तुम्हाला परमनंट करून टाकतो. पीएफ, ईएसआय, सगळं."

ईएसआय म्हणजे कामगार विमा. त्याचं कार्ड झालं की नवऱ्याचाही दवाखाना होतो, मोठं ऑपरेशनसुद्धा. गोदाबाईने पगार विचारला नाही. तिने विचारलं, "कार्ड माझ्या नावानं निघते का?" योगेश म्हणाला, "हो, तुमच्याच."

दुसऱ्या दिवसापासून ती हिंजवडीला जाऊ लागली. दोन बस बदलून. दुसरी बस आयटीवाल्यांच्या गाड्यांमध्ये उभीच असायची. पोचेपर्यंत पाय सुजायचे आणि काम तर तिथून सुरू व्हायचं.

काम असं. जव भिजवून, मोड आणून, वाळवलेले. त्याला माल्ट म्हणतात. त्याची पोती बाहेरून यायची. ती आत घ्यायची. दोन लोखंडी रुळांच्या चक्कीतून दाणा भरडायचा. भरड मोठ्या टाकीत गरम पाण्यात घालायची, लाकडी वल्ह्याने हलवायची, झाकून ठेवायची. तासाभराने दाण्यातली साखर पाण्यात उतरते. टाकीच्या तळाशी छिद्रांचा पत्रा असतो. खालचा नळ सोडला की गोड पाणी त्यातून गाळून येतं आणि भरड वर थरासारखी बसते. मग वरून गरम पाणी शिंपडत राहायचं आणि खालून काढत राहायचं, म्हणजे उरलेली साखर धुऊन निघते. या धुण्याला ते लोक स्पार्ज म्हणतात. शेवटी टाकीत राहतो तो चोथा. ओला, वाफाळता. तो फावड्याने उपसून बाहेर काढायचा. चोथा पृथ्वीराजच्या म्हशींना जायचा.

उपसणं हे यातलं खरं काम. टाकीच्या दारातून वाकून, हात लांब करून, ओलं ओझं आपल्याकडे ओढायचं. पोतं पाठीवर घेताना अंगाचं वजन मदतीला येतं. इथे येत नाही. नुसते खांदे. मी पोती उचलून निवृत्त झालो. हे काम मी आनंदाने केलं नसतं.

पहिले काही दिवस चक्की योगेशच चालवायचा. गोदाबाई पोती ओतायची. चक्कीतून येणारी भरड पाहून तिला बरं वाटायचं नाही. दाणा फुटायचा, पण फोलपटं तशीच अख्खी राहायची. पिवळी, कोरडी, हातात घेतली तर टोचणारी. यार्डात असा माल आला असता तर व्यापाऱ्याने गाडी परत पाठवली असती. तिला वाटलं, चक्की वाईट आहे आणि हा भला माणूस संकोचाने बोलत नाही.

दोन आठवड्यांनंतरच्या शनिवारी पृथ्वीराजने गावकीला बोलावलं होतं. नातेवाईक, सरपंच राहिलेले, जमिनी विकून गाड्या घेतलेले. गव्हाची बिअर करायची होती, अर्धे जव आणि अर्धा गहू. ती पिण्याजोगी व्हायला दिवस लागतात, म्हणून भट्टी आताच लावायची ठरली. योगेशने जव भरडून घमेल्यांत काढले आणि दुपारी तो लायसन्सच्या कामाला शहरात गेला. सकाळी आल्या आल्या टाकी लावू, म्हणाला.

गोदाबाई एकटी राहिली. समोर ती भरड. मोठे लोक येणार, हे तिला माहीत होतं. सूप ती सोबतच ठेवायची. तिने तोंडाला पदर बांधला आणि पाखडायला बसली.

तिला कोणी सांगितलं नव्हतं. त्याचे जास्तीचे पैसे नव्हते. नेहमीची बस गेली, त्यानंतरचीही गेली. सगळी भरड तिने सुपातून काढली. फोलपटांचं एक पोतं भरलं, तोंड सुतळीने शिवलं. म्हशींना होईल म्हणून दाराशी ठेवलं. घमेल्यांत नुसता पांढरा कण उरला, रव्यासारखा. खांदे उचलेनात, पण घरी आल्यावर नागोरावला तिने सांगितलं, "आज मनासारखं काम झालं."

सकाळी तिने घमेली टाकीत ओतली, वर गव्हाची भरड घातली, योगेशने वल्हं फिरवलं. त्याने घमेल्यात नीट पाहिलं असतं तर तिथेच कळलं असतं. त्याच्या कानाला फोन होता.

तासाभराने त्याने नळ सोडला. धार आली. बारीक झाली. थेंब झाले. मग तेही थांबले.

योगेशने नळ पूर्ण उघडला आणि लगेच स्वतःवरच चिडून बंद केला. नळ मोठा सोडला की थर खाली ओढला जातो आणि अजून घट्ट बसतो. त्याने खालून उलटं गरम पाणी चढवलं. बुडबुडे आले, थर हलला, धार पुन्हा सुरू झाली आणि पुन्हा थांबली. वल्ह्याने थर कापून पाहिला. वल्हं पिठल्यात उभं राहावं तसं उभं राहिलं.

पृथ्वीराज खाली आला. "काय झालं रं?"

"स्टक झालंय."

"म्हंजी?"

"तुंबलंय. खाली येतच नाहीये."

"मग तसं सांग की. चेंबरवाल्याला फोन लावू?"

"दादा, प्लीज."

योगेशने वाटीने थोडी भरड वर काढली, बोटांत चोळली, उजेडाकडे नेली. मग वळून हळू आवाजात विचारलं, "काकू, यातली फोलपटं कुठे गेली?"

गोदाबाई म्हणाली, "काढली ना. सगळी काढली. एक राहू दिली नाही."

ती कौतुकाची वाट पाहत होती, असं तिनेच मला सांगितलं. हे सांगताना ती माझ्याकडे पाहत नव्हती.

पृथ्वीराजला हसू आवरेना. तो पोत्यांच्या थप्पीवर बसला. "गाळणीच काढून टाकली की बाईनं! आता कणीक भिजली म्हण, लाटा चपात्या!"

योगेश हसला नाही. तेवढं त्याच्या बाजूने लिहिलं पाहिजे. त्याने विचारलं, "फेकली का?"

"फेकते काहून? म्हशीले होते."

पोतं उसवलं. फोलपटं गरम पाण्यात भिजवून टाकीत घातली, सगळं तळापासून हलवलं, थर पुन्हा बसू दिला. पहिलं गढूळ पाणी मगाने अलगद वर परत ओतलं, निवळ येईपर्यंत. मग नळ सुताएवढा सोडला. उतरायला लागलं. सकाळी संपायचं काम दुपार ढळेपर्यंत चाललं.

त्या वेळात योगेशने तिला समजावलं. फोलपट खायचं नसतंच. ते थर फुगीर ठेवतं. त्याच्या फटींतून पाणी उतरतं. दाणा बारीक झाला, फोलपट फाटलं, की पिठाचा लगदा धरतो. गव्हाला तर फोलपट नसतंच, म्हणून गव्हाच्या बिअरला जास्त जपायचं.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग काल काहून नाही सांगितलं?"

"मला वाटलंच नाही, काकू, की कोणी ते काढेल."

दोघंही खरं बोलत होते.

गोदाबाईने चूक एकदाच केली. त्यानंतर चक्की तिच्याकडे आली. दाणा फुटला पाहिजे, फोल फाटता कामा नये. दर पोत्याला मूठभर भरड हातात घेऊन बघायची. रुळांत अंतर जरा कमी झालं तर थांबवायची. गव्हाची भट्टी असली की पौडकडच्या भात गिरणीतून भाताचं तूस यायचं. ते धुवायचं, तीन पाणी, खालचं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. गरम पाण्यात भिजवून मगच भरडीत मिसळायचं, नाहीतर ते कोरडं कोरडं राहून वर तरंगतं. भरड घालायच्या आधी छिद्रांच्या पत्र्याच्या वर येईल एवढं पाणी टाकीत घ्यायचं, म्हणजे पीठ छिद्रांत बसत नाही. धुताना थराच्या वर बोटभर पाणी कायम ठेवायचं. पाणी खाली गेलं की थर आपल्याच वजनाने दबतो. आणि नळ सुताएवढा. कोणी कितीही घाई करो. पृथ्वीराज म्हणायचा, "सोडा की जरा मोठा." ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

तिच्या हाताखाली टाकी तुंबली नाही. यात कौतुकाचं काही नाही, तेच तिचं काम होतं. पण ते काम होत होतं, एवढं नोंदवून ठेवायला हवं.

सहा महिने झाले. तिने कार्डाचं विचारलं. योगेश म्हणाला, "हो, नेक्स्ट मंथ."

पाखडण्याची गोष्ट मात्र वर गेली. योगेश पिणाऱ्यांना ती सांगायचा. लोक हसायचे, त्यांना ती आवडायची. मग भट्टीची जाहिरात बघणारी निकिता नावाची मुलगी म्हणाली की ही तर ब्रँड स्टोरी आहे. गव्हाच्या बिअरला 'पाखड' असं नाव ठेवलं. ग्लासांवर चित्र छापलं: नऊवारीतली बाई, हातात सूप, कपाळावर मोठं कुंकू. गोदाबाई गोल साडी नेसायची आणि टिकली लावायची. आयटीतली मुलं वर बसून सांगायची, "दोन पाखड आण."

एक दिवस निकिताने तिचा व्हिडिओ केला. भाड्याची नऊवारी आणली होती.

"काकू, थोडं हसा ना."

"हसत कोणी पाखडत नाही. तोंडात फोल जाते."

"नुसती अॅक्टिंग हो! सुपात थोडे दाणे घ्या आणि वर उडवा."

"वर उडवत नाहीत."

"कॅमेऱ्यात छान दिसतं."

तिने वर उडवले. मग खाली सांडलेले दाणे वेचत बसली. तेही त्यांनी घेतलं.

तिची मुलगी सृष्टी बारावीत होती. तिने तो व्हिडिओ फोनवर आईबापाला दाखवला. नागोरावने दोनदा पाहिला. म्हणाला, "तुझी आई पिच्चरमध्ये गेली. मी पडलो तेव्हा कोणी फोटो नाही काढला." सृष्टी हसली. गोदाबाई हसली नाही. तिने विचारलं, "हे किती लोकायनं पाह्यलं?" सृष्टीने आकडा सांगितला. "एवढ्यायनं पाह्यलं," गोदाबाई म्हणाली, "आन् मस्टरवर नाव नाही."

तोवर नागोरावचा उजवा पायही मुंग्यांनी भरू लागला होता. संडासला जाताना तो भिंत धरून जायचा. मग भिंत पुरेना, सृष्टी लागायची. तरणी पोर बापाला धरून सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभी राहायची. लोक पुढे जाऊ द्यायचे. नागोरावला त्याचीच लाज वाटायची.

गोदाबाई माझ्याकडे आली. "भाऊ, तुम्ही चला एकदा. तुमाले बोलता येते."

मी गेलो. दोन बस बदलून. बसमध्ये पूर्ण वेळ उभा राहिलो, तेव्हा कळलं की ती रोज काय करून कामाला लागते.

पृथ्वीराज वर काचेपाशी बसला होता. मला आपादमस्तक पाहिलं. "युनियनचं का?"

"हमाल होतो. आता निवृत्त आहे."

"बसा मामा. बिअर घ्या. आपल्या काकूच्या हातची हाय."

"मी घेत नाही."

"मग ताक सांगतो. घरच्या म्हशीचं हाय. चोथ्यावर दूध काय देत्यात म्हशी, विचारू नका."

"बाईंचं मस्टरचं विचारायला आलोय."

"मस्टर?" तो खरोखर दुखावल्यासारखा दिसला. "अवो मामा, बाई आमच्या घरच्यावानी हाय. घरच्या माणसाची हजेरी कोण मांडतं?"

"घरच्या माणसाच्या नवऱ्याचा दवाखाना कोण करतं?"

तो मोठ्याने हसला. "तोंडाचे पक्के हायत मामा! योग्या, ये रं इकडं. कागदाचं तूच बघतो न्हवं?"

योगेश आला. त्याने मला नमस्कार केला, खुर्ची पुढे केली, नागोरावच्या पायाची चौकशी केली. मणक्याचं नाव, डॉक्टरचं नाव, सगळं विचारलं. चेहऱ्यावर खरं वाईट वाटलेलं होतं. मग म्हणाला, "काकू, नेक्स्ट मंथ हंड्रेड पर्सेंट. अकाउंटंट बदलतोय, म्हणून थोडं लांबलंय."

"मागच्या महिन्यातबी नेक्स्ट मंथ होता," गोदाबाई म्हणाली. टोमणा म्हणून नव्हे. तिला फक्त नीट समजून घ्यायचं होतं, हा कुठला महिना आहे.

योगेश म्हणाला, "प्रॉमिस, काकू."

उद्धट माणसाशी भांडता येतं. हिंदुरावशेठशी भांडता आलं असतं, बायका भांडल्या नाहीत ही वेगळी गोष्ट. पृथ्वीराजशीही आलं असतं. जो खुर्ची पुढे करतो, पायाची चौकशी करतो आणि प्रॉमिस म्हणतो, त्याचं काय करायचं हे मला यार्डात कोणी शिकवलं नव्हतं.

परत येताना बसमध्ये मी तिला म्हणालो, "एका भट्टीला तूस घालू नका. तुंबू द्या टाकी. शनिवारची धरा. मग त्यांना कळेल, बाई कशासाठी लागते."

तिने विचार केला. नाही असं नाही, केला. बस वाकडला अडकली होती, विचार करायला वेळ भरपूर होता.

"तुंबलं तर उपसते कोण?" ती म्हणाली. "निथळलेला चोथा एवढा जड. पाणी धरलेला किती होईल? तो मलेच काढा लागते ना, भाऊ."

पंप बंद पाडावा, चक्की मोडावी, काहीही करावं, ते निस्तरायला शेवटी तीच. तिच्याशिवाय तिथे खाली वाकणारं कोणी नव्हतंच.

पुढचा महिना आला आणि गेला. दिवाळीला तिला साडी आणि ग्लासांचा एक संच मिळाला, तिचं चित्र असलेला. घरात ग्लास नको, लोक काय म्हणतील, म्हणून सृष्टीने ते मोरीत मागे ठेवले.

कार्ड शेवटी निघालं ते तिच्या मागण्यामुळे नव्हे, माझ्या बोलण्यामुळे तर नव्हेच. मुंबईची कोणी पार्टी भट्टीत पैसे घालायला तयार झाली. त्यांची माणसं कागद तपासायला आली. त्यांनी विचारलं, ग्लासावरची बाई खरी आहे का? योगेश म्हणाला, खरी आहे, खाली काम करते. त्यांनी विचारलं, मग ती पगारपत्रकावर का नाही? सगळं आठवड्याच्या आत झालं. इतकं सोपं होतं ते.

योगेश पेढे घेऊन खाली आला. "काकू, सरप्राइज! सांगितलं होतं ना, करतो म्हणून!"

गोदाबाईने पेढा घेतला. कार्ड पिशवीत ठेवलं. टाकी उपसायची राहिली होती, ती उपसली आणि मग घरी आली.

नवीन कार्डावर मोठं ऑपरेशन लगेच होत नाही. काही महिने वर्गणी भरलेली लागते. नियमच तसा आहे, त्यात कोणाचा दोष नाही. ते महिने भरले तेव्हा नागोरावला रिक्षात उचलून ठेवावं लागलं. एका बाजूने मी, एका बाजूने शेजारचा भैरू, तोही यार्डातलाच. नागोराव म्हणाला, "पोतं नीट धरा रे, सांडाल."

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी पायाला टाचणी टोचून पाहिली, वरपासून खालपर्यंत. फिल्म लावल्या. नागोराव त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होता, टाचणीकडे नाही.

"असं कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

गोदाबाईने सांगितलं.

"तेव्हाच आणायचं ना हो." रागाने म्हणाल्या नाहीत. "आता ऑपरेशन करता येईल. पाठीचं दुखणं कमी होईल थोडं. पण पायांचं बळ परत येणार नाही. ती नस मेली आहे."

गोदाबाई म्हणाली, "कार्ड आता निघालं, मॅडम."

डॉक्टरांना त्याचा अर्थ लागला नाही. कसा लागणार? त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "हो, कार्ड बरोबर आहे."

नागोराव म्हणाला, "मग दुखणं राहू द्या. दुखतंय म्हणून निदान कळतं, माणूस कुठवर आहे." ऑपरेशन केलं नाही.

गोदाबाई अजून हिंजवडीला जाते. मुंबईच्या पार्टीने दुसरी, मोठी टाकी बसवली आहे. तीही तुंबत नाही. योगेश आता फारसा खाली येत नाही. आला की नागोरावची चौकशी करतो. पगारपत्रकावर तिच्या नावापुढे हुद्दा इंग्रजीत लिहिला आहे. सृष्टीने वाचून दाखवला. गोदाबाईने विचारलं, यात उपसायचं कुठं लिहिलं आहे? लिहिलेलं नव्हतं.

पहिल्या रोजापासून ती ऑपरेशनसाठी म्हणून जे बाजूला टाकत होती, त्यातून तिने नागोरावला चाकांची खुर्ची घेतली. चांगली, नवी, ब्रेकवाली. दुकानातून ती घरापर्यंत आली आणि खोलीच्या दाराशी अडली. दार अरुंद होतं. गवंडी बोलावला, चौकट उखडली, उंबरा फोडला, बाजूची वीट काढली. घरमालक म्हणाला, खोली सोडाल तेव्हा सगळं होतं तसं करून द्यायचं, तुमच्या खर्चाने. ती हो म्हणाली.

खुर्ची आत गेली. चौकट पुन्हा बसवायला पैसे उरले नव्हते. त्या दाराला अजून पडदा आहे.